मागच्या चाकाचे ओझे कोणी उचलायचे?
जीपसाठी फुल फ्लोटिंग हबची पारख

डोंगरदऱ्यांत चालवायची जीप तयार करून घेणारे गिऱ्हाईक गॅरेजमध्ये आले की दोन-चार मागण्या ठरलेल्या असतात. मोठे टायर, उंच कमानी, पुढे विंच आणि मागे 'फुल फ्लोटिंग'. पहिल्या तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यांची पारख गिऱ्हाइकाला थोडीफार असते. चौथी गोष्ट चाकाच्या पोटात दडलेली असते. तिची पारख मिस्त्रीने करायची असते आणि जबाबदारीही त्याचीच असते. नाशिकमध्ये, मालेगावात आणि मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. कोणी लेथवर बसतो, कोणी वेल्डिंग करतो, कोणी जुने सुटे भाग विकतो. हा पाठ त्यांच्यासाठी आहे, आणि गाडीवर पैसा लावणाऱ्या व्यापाऱ्यासाठीही आहे.

आमचा स्वतःचा धंदा कापडाचा. तरी आम्ही एक्सलवर का लिहावे, असे कोणी विचारील. पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजुच्या बाजारांना कापडाचे गठ्ठे जीपमधून जातात, आणि घाटात चाक निघाले तर गठ्ठाही जातो आणि माणूसही. दुसरे असे की, पारखीचा कायदा सर्व धंद्यांत एकच आहे. थान दुकानात घडी घालून ठेवलेले असते तेव्हा सर्व थाने सारखी दिसतात. खरे कापड उलगडल्यावर कळते. हबचेही तसेच आहे.

एका शाफ्टवर दोन कामे

मागच्या एक्सलमध्ये दोन वेगवेगळी कामे चालू असतात. पहिले काम चाक फिरवण्याचे. इंजिनचा जोर क्राऊन-पिनियनमधून एक्सल शाफ्टमध्ये येतो आणि शाफ्ट चाकाला पीळ देतो. दुसरे काम गाडीचे वजन पेलण्याचे. खड्ड्याचा धक्का, वळणावरचा आडवा दाब, मागे भरलेला माल, हे सर्व शेवटी चाकावरच येऊन पडते.

सेमी फ्लोटिंग रचनेत ही दोन्ही कामे एकच शाफ्ट करतो. हाउसिंगच्या तोंडाशी एक बेअरिंग असते, त्यातून शाफ्ट बाहेर येतो आणि त्याच्या टोकावर चाक बसते. काही गाड्यांत शाफ्टच्या टोकाला फ्लँज असते. जुन्या सीजे मालिकेतील जीपमध्ये टोक निमुळते, म्हणजे टेपर असते; त्यावर हब दाबून बसवतात, मध्ये चावी आणि वरून कॅसल नट. बेअरिंगच्या बाहेर आलेला शाफ्टचा तुकडा चाक फिरवतोही आणि गाडीचा भारही उचलतो.

फुल फ्लोटिंगमध्ये कामांची वाटणी होते. हाउसिंगच्या टोकाला एक पोकळ, न फिरणारे स्पिंडल पक्के बसवलेले असते. त्यावर आत एक आणि बाहेर एक अशी दोन टेपर रोलर बेअरिंगे असतात आणि त्या दोघांवर हब फिरतो. चाक हबला, हब स्पिंडलला आणि स्पिंडल हाउसिंगला. सर्व वजन या वाटेने जाते. शाफ्ट पोकळ स्पिंडलच्या आतून येतो आणि त्याची फ्लँज हबच्या तोंडावर बोल्टने आवळतात. शाफ्टवर फक्त पीळ उरतो. भाराच्या दृष्टीने तो आत जणू तरंगत असतो, म्हणून त्याला 'फ्लोटिंग' म्हणतात.

रस्त्यावरच्या कोणत्याही मालट्रकचे मागचे चाक पाहावे. मध्यभागी बाहेर आलेला हब आणि त्याच्या तोंडावर बोल्टांचे कडे दिसेल. तेच फुल फ्लोटिंग. फोर व्हील जीपच्या पुढच्या चाकाचा हबही असाच, स्पिंडल आणि दोन बेअरिंगांवर फिरणारा असतो. म्हणजे ज्या मिस्त्रीने जीपचा पुढचा हब उघडून ग्रीस भरले आहे, त्याने ही विद्या निम्मी शिकलेलीच आहे.

तार वाकवून तुटते कशी?

सेमी फ्लोटिंग शाफ्ट मोडण्याचे एक कारण नीट समजून घेतले पाहिजे. मागच्या एका चाकावर ४०० किलो भार आहे आणि चाकाचा मध्य बेअरिंगपासून ७ सेंटिमीटर बाहेर आहे, असे धरा. शाफ्टवर २८ किलोग्रॅम-मीटर वाकवणारा जोर आला. आता गिऱ्हाइकाने रुंद टायर आणि बाहेर काढलेली डिस्क घातली, त्यामुळे चाक आणखी ५ सेंटिमीटर बाहेर गेले. तोच भार आता ४८ किलोग्रॅम-मीटर झाला, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. हा हिशेब गाडी उभी असतानाचा आहे. दगडावर आपटल्यावरचा वेगळा.

शिवाय शाफ्ट फिरत असतो. त्याच्या खालच्या बाजूचे पोलाद ताणले जाते, अर्ध्या फेरीनंतर तेच वर येऊन दाबले जाते. हाताने तार पुढे-मागे वाकवून आपण ती तोडतो, तसेच हे होते. २८ इंची टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४५० फेऱ्या करतो. नाशिकहून मालेगाव सुमारे १०० किलोमीटर धरले, तर एका खेपेत शाफ्ट ४५ हजार वेळा वाकतो. म्हणूनच चांगला दिसणारा शाफ्ट एके दिवशी सपाट रस्त्यावर मोडतो आणि मालक म्हणतो की काहीच कारण नव्हते. कारण असते; ते वर्षानुवर्षे साचत असते.

फुल फ्लोटिंगमध्येही वाकवणारा जोर असतो, पण तो स्पिंडलवर येतो, आणि स्पिंडल फिरत नाही. त्यामुळे त्याचे पोलाद प्रत्येक फेरीला उलटसुलट वाकत नाही. ही या रचनेची पहिली कमाई.

तुटल्यावर काय उरते?

दुसरी कमाई त्याहून मोठी आहे, आणि आमच्या मते हब निवडण्याचा खरा निकष तीच आहे.

जुनी जीप भरून घाट उतरत आहे आणि मागचा सेमी फ्लोटिंग शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर मोडला, असे समजा. चाक ड्रमसकट निघून जाते. ड्रम गेला की ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात आणि ब्रेक तेल सांडते. जुन्या जीपमध्ये चारही चाकांचा तेलाचा मार्ग एकच असतो. म्हणजे एक चाक गेले की चारही चाकांचा पायब्रेक गेला. आता हातब्रेक. जुन्या जीपमध्ये तो चाकावर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. एका बाजूचा शाफ्ट मोडल्यावर साध्या डिफरन्शियलमध्ये सारी फिरकी मोडक्या बाजूला निघून जाते आणि चांगले चाक मोकळे फिरते. त्यामुळे हातब्रेकही गेला. गाडी टू व्हीलमध्ये असेल तर इंजिनची रोखही गेली. एका शाफ्टच्या तुकड्याने तिन्ही आधार एकदम काढून घेतले.

शाफ्ट बेअरिंगच्या आत मोडला तर बेअरिंग आणि रिटेनर चाकाला काही वेळ धरून ठेवतात, पण चाक डगमगू लागते आणि गाडी हातात राहत नाही.

आता तोच शाफ्ट फुल फ्लोटिंगमध्ये मोडू द्या. चाक जागेवर, ड्रम जागेवर, तेल जागेवर. पायब्रेक चालतो आणि गाडी बाजूला घेता येते. मग फ्लँजचे बोल्ट काढून चाक न उचलता शाफ्ट ओढून काढता येतो. आतला तुकडा राहिला असेल तर तोही काढावा लागतो. हबच्या तोंडावर पत्रा किंवा जाड रबर आवळावे, म्हणजे तेल सांडत नाही आणि धूळ आत जात नाही. फोर व्हील गाडी पुढच्या चाकांवर सावकाश गावापर्यंत येऊ शकते. एक सावधगिरी मात्र कधीच विसरू नये : शाफ्ट काढलेल्या जुन्या जीपला प्रोपेलर शाफ्टवरचा हातब्रेक मागे धरू शकत नाही. गाडी उभी करताना चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळा हवाच.

तेव्हा 'फुल फ्लोटिंग टाकले म्हणजे शाफ्ट तुटणार नाही' असे कोणी सांगत असेल तर ते बरोबर नाही. शाफ्ट तुटू शकतो. तुटल्यावर माणूस वाचावा, ही सोय त्यात आहे.

जीपच्या घराण्यातील दोन्ही वाटा

हे ज्ञान नवे नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्यांचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. युद्धानंतर नागरी वापराची जीप आली आणि तिच्यात पुढे सेमी फ्लोटिंग एक्सल आला; तो कमी भागांचा आणि स्वस्त होता. आपल्या देशात १९४५ साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने एक कंपनी निघाली. तिच्यातील भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. याच कंपनीने विलीजची जीप भारतात जोडायला आणि पुढे बनवायला घेतली. आपल्या गॅरेजांत येणाऱ्या जुन्या सीजे जीप त्याच घराण्यातल्या, आणि त्यांचा मागचा हब टेपर, चावी व नटवर बसणारा.

नाशिकचा या कहाणीशी जवळचा संबंध आहे. महिंद्राचा कारखाना सातपूरला आहे आणि थार ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनते. इगतपुरीला कंपनीचे ऑफ-रोड चालवण्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. गोव्यात २०१४ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज' ही चिखल-पाण्यातील गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. म्हणजे या कामाला गिऱ्हाईक आहे, आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत चांगले लेथ, ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंट करणारे कारखानेही आहेत. उणीव असलीच तर योग्य प्रश्न विचारणाऱ्यांची.

प्रत्येकाला हे हवे आहे काय?

नाही. टायर मूळ मापाचे, डिस्क मूळ, माल बेताचा आणि डोंगरात जाणे वर्षातून चार वेळा, अशा गाडीला निरोगी सेमी फ्लोटिंग एक्सल पुरतो. मारुती जिप्सीचा मागचा एक्सल सेमी फ्लोटिंगच आहे आणि आपल्या फौजेने ती गाडी वर्षानुवर्षे चालवली. अशा गिऱ्हाइकाला शाफ्टला तडा आहे का ते तपासून द्यावे, बेअरिंग व सील नवे टाकावे, टेपरवर हब पूर्ण टेकतो का ते निळा रंग लावून पाहावे आणि नट योग्य जोराने आवळून पिन टाकावी. टेपरवर सैल बसलेला हब चावी कापतो आणि शाफ्टचे टोक खातो. हे काम थोड्या पैशात होते. जेथे थोड्यात भागते तेथे मोठे बिल करणारा कारागीर एकदाच कमावतो.

मोठे टायर, लॉक होणारे डिफरन्शियल, कायम भरलेली गाडी आणि दगड-चिखलातले रोजचे काम, यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की फुल फ्लोटिंगचा विचार रास्त ठरतो.

पिळाचा हिशेब वेगळा ठेवावा

हब बदलल्याने शाफ्टवरचा पीळ कमी होत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. इंजिनचा टॉर्क १५ किलोग्रॅम-मीटर धरा. पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा लो गिअर २.४६ आणि क्राऊन-पिनियन ५.३८. चौघांचा गुणाकार साडेपाचशे किलोग्रॅम-मीटरच्या वर जातो. साधारणपणे तो पुढच्या-मागच्या शाफ्टांत वाटला जातो. पण डिफरन्शियल लॉक असेल, एक चाक दगडात अडकले असेल आणि बाकीची हवेत किंवा चिखलात असतील, तर त्याचा मोठा हिस्सा एकाच शाफ्टवर येतो.

शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ मिलिमीटर केला, तर जाडी दहा टक्के वाढली, पण ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. म्हणून हब घेताना स्पिंडलचे भोकही मोजावे. भोक अरुंद असेल तर पुढे जाड शाफ्ट घालण्याची वाट कायमची बंद होते.

हब मिळण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग, जड गाडीचा पूर्ण फुल फ्लोटिंग एक्सल बसवणे. यात स्पिंडल आणि हाउसिंग कारखान्यातच एकरेषेत झालेले असतात, हा मोठा फायदा. पण चार मापे जुळली पाहिजेत : चाकापासून चाकापर्यंतची रुंदी, प्रोपेलर शाफ्टसमोर येणारी क्राऊनच्या पोटल्याची जागा, कमानींची बैठक आणि क्राऊन-पिनियनचे प्रमाण. शेवटचे सर्वात महत्त्वाचे. मागचे प्रमाण पुढच्याशी जुळले नाही, तर फोर व्हील लावताच पुढची-मागची चाके एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्सफर केस बळी पडते. ट्रकचा पोटला खाली लोंबतो आणि दगडाला घासतो, हेही पाहावे.

दुसरा मार्ग, तयार संच. जीपच्या जुन्या एक्सलसाठी स्पिंडल, हब आणि नवे शाफ्ट असे संच अमेरिकेत मिळत आले आहेत. मापे खात्रीची असतात. पण पुढे बेअरिंग किंवा सील लागले तर ते येथे मिळेल काय, हे खरेदीपूर्वी विचारावे.

तिसरा मार्ग, पुढच्या एक्सलचे स्पिंडल व हब मागच्या हाउसिंगला जोडणे आणि शाफ्ट नवीन बनवून घेणे. हा स्वस्त मार्ग आहे. पुढे-मागे एकच बेअरिंग चालते, म्हणून सुटे भागही कमी बाळगावे लागतात. पण सारा भरवसा कारागिराच्या हातावर आहे. शिवाय पुढचे स्पिंडल पुढच्या भारासाठी बनलेले असते. मागे माल भरणाऱ्या गाडीला ते पुरेल काय, याचा विचार आधी करावा.

विकत घेण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी

१. बेअरिंगचा नंबर. हब हातात घेतल्यावर पहिला प्रश्न हाच. नंबर प्रचलित असेल तर एसकेएफ, टिमकेन, एनबीसी, टाटा यांपैकी कोणाचे तरी बेअरिंग मिळते. नंबर पुसलेला किंवा अनोळखी असेल तर हब कितीही स्वस्त असो, तो परत ठेवावा. बेअरिंग ओळखीच्या दुकानातून, पक्क्या पावतीने घ्यावे. या मालात नकली डबे फिरतात.

२. दोन बेअरिंगांतील अंतर आणि चाकाचा मध्य. चाकाच्या भाराची रेघ दोन बेअरिंगांच्या मध्ये पडली पाहिजे. बाहेर काढलेली डिस्क घातली की ती रेघ बाहेर सरकते आणि सारा भार बाहेरच्या छोट्या बेअरिंगवर येतो. हब, ड्रम आणि डिस्क एकत्र धरून मोजावे. एकट्या हबचे माप पुरेसे नाही.

३. स्पिंडलचा गळा. जाडी जेथे एकदम कमी होते तेथे तडा सुरू होतो. तो कोपरा गोलाईचा हवा, चाकूसारखा काटकोन नको. जुन्या स्पिंडलवर बेअरिंग फिरून पडलेली खाच दिसली, तर ते भंगारात द्यावे. वेल्डिंगने भरून पुन्हा खरादलेले स्पिंडल घेऊ नये.

४. स्टडचे माप. विलीज-महिंद्राच्या जुन्या जीपला ५ स्टड साडेपाच इंची वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटरवर असतात. जिप्सीलाही तेच माप आहे. पुढे-मागे माप एकच ठेवावे. नाहीतर स्टेपनी दोन बाळगाव्या लागतात.

५. स्प्लाइनचे दाते. जीपच्या ४४ नंबर एक्सलमध्ये वेगवेगळ्या काळात १०, १९ आणि ३० दात्यांचे शाफ्ट आले आहेत. बाहेरून हाउसिंग सारखेच दिसते. शाफ्टची ऑर्डर देण्यापूर्वी शाफ्ट बाहेर काढून दाते मोजावेत. ऐकीव माहितीवर जाऊ नये.

६. सील आणि तेल. काही हबमध्ये हाउसिंगचेच गिअर तेल बेअरिंगपर्यंत जाते. काहींत ग्रीस भरतात आणि तेल आत अडवणारे सील असते. दोन्ही पद्धती चालतात, पण आपल्या हबची कोणती आहे हे माहीत हवे. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत गरम हाउसिंग पाण्यात शिरताच आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. म्हणून हाउसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती उंच न्यावी.

७. ब्रेक. ड्रम किंवा डिस्क हबवर मध्यावर बसते काय, बॅकप्लेटची भोके जुळतात काय, हे चाक बसवण्याआधी पाहावे. ब्रेक जुळत नसेल तर बाकीचे सर्व जुळूनही उपयोग नाही.

फ्लँज की लॉकिंग हब?

हबच्या तोंडावर दोन गोष्टी बसवता येतात. एक, शाफ्टला कायम जोडलेली पोलादी फ्लँज. दोन, पुढच्या चाकासारखा हाताने लावता-सोडता येणारा लॉकिंग हब. अमेरिकेत वॉर्न कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली, ती जीपच्या अशाच पुढच्या हबांवर. मागे लॉकिंग हब लावला तर गाडी ओढून नेताना किंवा शाफ्ट मोडल्यावर चाक लगेच मोकळे करता येते. पण त्याचे आतले दाते फ्लँजहून नाजूक असतात, आणि हब मोकळा असताना प्रोपेलर शाफ्टवरचा हातब्रेक चाकाला धरत नाही. घाटात राहणाऱ्या, माल वाहणाऱ्या गाडीला आम्ही साधी फ्लँजच सुचवू. लॉकिंग हब हवाच असेल तर चाकावर चालणारा हातब्रेक आधी बसवावा.

कोणती तरी वस्तू तुटणारच असेल तर ती स्वस्त आणि बाहेरून बदलता येणारी असावी. शाफ्ट किंवा फ्लँजचे बोल्ट वाटेत बदलता येतात. क्राऊन-पिनियन वाटेत बदलता येत नाही.

बसवणीतील हुन्नर

तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्या कारागिराने दोन्ही बाजूंची स्पिंडले एकाच रेषेत आली पाहिजेत, हे व्रत मानावे. हाउसिंगमधून लांब सरळ बार घालून, त्यावर स्पिंडलची फ्लँज बसवून मगच टाके मारावेत. समोरासमोर थोडे-थोडे वेल्डिंग करावे, थंड होऊ द्यावे, आणि शेवटी डायल गेज लावून पाहावे. ७०१८ चे रॉड वाळवून वापरावेत. इएन २४ सारख्या कणखर पोलादाचे स्पिंडल थेट वेल्ड केले तर जोडाशेजारी तडा जाण्याची भीती असते. म्हणून वेल्ड होणाऱ्या पोलादाची फ्लँज हाउसिंगला जोडावी आणि स्पिंडल तिला बोल्टने आवळावे. शाफ्ट इएन २४ चा असेल तरी हीट ट्रीटमेंट झाल्याशिवाय त्याचे नाव फुकटचे आहे. ती कोठे केली, याचा कागद ठेवावा.

बेअरिंग बसवताना हब हाताने फिरवत आतला नट आवळावा, हब जड लागला की थोडा सैल करावा. हब मोकळा फिरावा, पण चाक वर-खाली धरून हलवल्यास खेळ लागू नये. मग जिभेचे वॉशर, मग बाहेरचा नट, मग कुलूप. पहिल्या १०० किलोमीटरनंतर हबच्या जवळ हात नेऊन पाहावे. एक बाजू दुसरीहून जास्त तापली असेल तर काहीतरी घट्ट आहे किंवा सुके आहे. फ्लँजचे बोल्टही तेव्हाच पुन्हा आवळावेत.

कायदा आणि कागद

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत केलेला बदल हा फक्त मिस्त्री आणि मालक यांच्यातला मामला राहत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कारखान्याच्या मूळ रचनेहून वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितले. एक्सल, टायर किंवा ब्रेक बदलण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी, आणि विमा कंपनीलाही कळवावे. फक्त खाजगी जागेत, स्पर्धेसाठी वापरायची गाडी असेल तर तीही गोष्ट बिलावर लिहून घ्यावी.

कारागिराने प्रत्येक कामाचा एक कागद ठेवावा : बेअरिंग आणि सीलचे नंबर, दात्यांची संख्या, शाफ्टचे पोलाद, टायरचे ठरलेले कमाल माप आणि डिस्कची जागा. खाली गिऱ्हाइकाची सही. उद्या त्याने आणखी मोठे टायर घातले आणि काही मोडले, तर हा कागद बोलेल. आणि परगावी गाडी अडली, तर तेथील मिस्त्रीला याच कागदावरून योग्य बेअरिंग मागवता येईल.

हब बसवून चाक लावले की आतले काम कोणालाच दिसत नाही. गिऱ्हाईक टायर पाहून पैसे देते आणि निघून जाते. पुढे एखाद्या उतारावर, भरल्या गाडीत, शाफ्ट मोडल्यावर चाक जागेवर राहते की नाही, यावर आत बसलेल्या माणसांचे भवितव्य ठरते. त्या क्षणी कारागीर तेथे हजर नसतो. त्याने आवळलेला नट हजर असतो. हब निवडताना आणि बसवताना इतके ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.